एका हाकेत येणारी

१

कुवेतच्या अब्बासियातल्या त्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, रोज साडेचारला एकच गोष्ट घडायची. फरजाना पारकर स्वयंपाकघरातून हाक मारायची, "हिना." मग डब्यांची झाकणं दाबता दाबता दुसरी, "हिना गो." मग तिसरी, जी खालच्या मजल्यावरच्या मल्याळी कुटुंबालाही ऐकू जायची. तेव्हा कुठे आतल्या खोलीतून "ओ" यायचा आणि हिना डबे खाली गाडीत नेऊन ठेवायला उठायची. आसपासच्या खोल्यांतून एकेकटे राहणारे पुरुष त्या डब्यांवर जगत होते, त्यामुळे उशीर चालण्यासारखा नव्हता.

यात मुलीचा आळस अर्धाच होता. उरलेला अर्धा आईनेच शिकवलेला. गुहागरच्या पुढे समुद्राकाठी जिथे फरजाना वाढली, तिथे दिवस कलला की पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. आपलं माणूस असेल तर तिसऱ्यांदाही हाक मारेल, दुसरं काही असेल तर एकदाच मारून गप्प बसेल, असा तो हिशेब. हिना बोलायला लागली तेव्हापासून फरजानाने तिच्याकडून हे घोटून घेतलं होतं. हिनाच्या अब्बांना, मुबीनना, याचं हसू यायचं. ते एका कंपनीत मंदूब होते, म्हणजे दुसऱ्यांच्या इकाम्याचे (राहण्याच्या परवान्याचे) आणि व्हिशाचे कागद घेऊन सरकारी खिडक्यांपुढे उभं राहण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. "हितं यायला भुतालापण व्हिसा लागतो," ते म्हणायचे. "त्याचा फॉर्म कोण भरणार?"

हिनालाही ते हसण्यासारखंच वाटायचं. एकोणीस वर्षांची मुलगी, कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारी, ती कशाला हाका मोजेल? पण जिभेला सवय लागली होती. पहिली हाक आली की जीभ आपोआप टाळूला चिकटायची.

त्या रविवारी सकाळी कॉलेजची बस यायला दहा मिनिटं होती. हिनाने फणी उचलली आणि तिच्या दातांत एक केस अडकलेला दिसला. काळाभोर, हातभर लांब.

हिनाचे केस दोन बोटांएवढे होते. अकरा दिवसांपूर्वीच कापले होते. जुना केस असेल, ती स्वतःशी म्हणाली, आणि फणी झटकली. बस सुलैबियाच्या फाट्यापाशी पोहोचेपर्यंत ती हे विसरलीही होती. मग एकदम आठवलं, की फणी जुनी नव्हती. केस कापल्यावर दुसऱ्या दिवशी खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराण्याच्या दुकानातून, तिनेच ती विकत आणली होती.

२

केस मारिसेलाने कापले होते.

मारिसेला तिच्याच वर्गातली. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो गावची, बाप तेलकंपनीत इंजिनियर, कुवेतमध्ये सहा वर्षं काढलेली, आणि जगात कुणाच्या बापाला न घाबरणारी. हिनाला ती चामा म्हणायची. तिच्या गावाकडे पोरीला असंच म्हणतात. दोघी इंग्रजीत बोलायच्या, भांडायच्या मात्र आपापल्या भाषेत. कॉलेजात त्या एकमेकींचा हात धरून फिरायच्या आणि कुणाची नजरही वळायची नाही, कारण या देशात मुलींनी मुलींचा हात धरण्यात कुणाला काही वावगं दिसत नाही. त्या धरण्यात काय होतं ते त्या दोघींनाच ठाऊक होतं. बाहेर कळलं असतं तर दोघींची चामडी लोळवली गेली असती, आणि चामडीवर भागलं असतं तर नशीब.

कॉलेजच्या बाथरूममध्ये, कागद कापायच्या कात्रीने, मारिसेलाने ती वेणी उडवली. मागून वाकडे कापले गेले. हिनाने आरशात पाहिलं आणि तिला पहिल्यांदा वाटलं की आपण आपल्याला कुठेतरी भेटलोय. तिथल्या तिथे तिला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

घरी मात्र दुःखाला तोटा नव्हता. अम्मीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि चार दिवस अवाक्षर काढलं नाही. पाचव्या दिवशी, ती तांदळाच्या भाकऱ्या थापत असताना, हिनाने उरलंसुरलंही सांगून टाकलं. लग्न करायचं नाही. मुलाशी तर नाहीच. मारिसेला आवडते, आणि आवडते म्हणजे जसं तुला अब्बा आवडले असतील तशी. फरजानाचा हात परातीत थांबला. मग ती म्हणाली, "पाण्याचा तांब्या दे."

दुसऱ्या दिवशी ती हिनाला फोटो स्टुडिओत घेऊन गेली. अब्बांना इकाम्यासाठी नवे फोटो हवेच होते. स्टुडिओवाल्याने फोटो काढला आणि फरजाना त्याच्या कानाशी लागून काहीतरी बोलली. फोटो हातात आले तेव्हा त्यात हिनाला केस होते. कॉम्प्युटरवर लावलेले, मधून भांग पाडलेले, खांद्यावरून पुढे घेतलेले. सरकारी खिडकीवर असला फोटो चालला नसता, अब्बांनी तो पाहून तसं सांगितलंही. पण फरजानाने तो सरकारसाठी काढलाच नव्हता. एक प्रत फ्रीजवर चुंबकाखाली गेली. एक रिगईत राहणाऱ्या शरीफाबींकडे गेली. त्यांचा मुलगा तौफीक ड्राफ्ट्समन होता आणि लग्नाचा होता. शुक्रवारी जुम्म्यानंतर ते लोक चहाला येणार असं ठरलं, आणि हिनाला ते अब्बांच्या तोंडून, जाता जाता कळलं.

"मी बाहेर येणार नाही," हिना म्हणाली.

फरजाना फ्रीजवरच्या फोटोकडे पाहत होती. गेल्या आठवड्याभरात हिनाने तिच्या चेहऱ्यावर पाहिली नव्हती ती माया त्या पाहण्यात होती. स्वतःच्याच फोटोचा हेवा वाटण्याची पाळी कुणावर येऊ नये.

३

सोमवारी कॉलेजहून आल्यावर तिचं डोकं दुखत होतं. गोळी घेऊन ती पडली आणि तिला झोप लागली. उठली तेव्हा पाच वाजून गेले होते. डबे राहिले या विचाराने ती धडपडत स्वयंपाकघरात गेली. ओटा रिकामा होता आणि फरजाना गुणगुणत भांडी विसळत होती.

"डबे?" हिनाने विचारलं.

"नेलेस ना आता," फरजाना म्हणाली. पाठ तिच्याकडेच होती. "आजकाल एका हाकेत येतेस. बरं वाटतं गो."

टोमणाच असणार, हिनाला वाटलं. अम्मीला टोमणे मारायची कला होती, आणि अकरा-बारा दिवसांच्या अबोल्यानंतर तेवढा तिचा हक्कही होता. डबे तिने स्वतः नेले असतील. ती तशीच खाली उतरली. इमारतीचा राखणदार, इजिप्तचा म्हातारा मिसरी, दारात खुर्ची टाकून बसला होता. मोडक्यातोडक्या हिंदीत त्याने विचारलं, फिर से? अभी तो ऊपर गयी.

हिना जिन्याने वर आली. लिफ्ट नको वाटली. जिन्यात तिने स्वतःला चार कारणं दिली. म्हातारा आहे, त्याला सगळ्या पोरी सारख्या दिसतात. गोळीच्या गुंगीत आपणच उठून गेलो असू आणि आठवत नसेल. चौथ्या कारणापर्यंत चौथा मजला आला.

दाराबाहेरच्या चपलांत तिच्या रबरी सपाता होत्या. ती पायात बूट घालून गेली होती. सपातांवर ओल्या पावलांचे ठसे होते, बोटांसकट, नुकतेच कुणी काढून ठेवल्यासारखे. तिने एक सपात पायात घातली. मापात होती, अर्थातच. आतून ऊबदार होती.

रात्रीपर्यंत तिने कुणाला काही सांगितलं नाही. सकाळी मोरीची जाळी तुंबली तेव्हा अब्बांनी ती उचलली आणि तारेने आतला गुंता ओढून काढला. फरजानाचे केस मेंदीने तांबडे होते. तो गुंता काळा होता आणि निघता निघत नव्हता.

"किती गळतात गो तुझे," अब्बा म्हणाले. हिनाच्या उघड्या मानेकडे पाहतच ते म्हणाले, आणि त्यांना त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

४

बुधवारी मारिसेला तिच्याशी बोलेना. कॅन्टीनमध्ये समोर येऊन बसली, डब्यातून तिच्या आईने केलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्या काढल्या, आणि एकटीच खायला लागली. एरवी अर्धी तोडून हिनाच्या हातात दिल्याशिवाय ती घास घ्यायची नाही. मारिसेलाच्या आईला दोघींचं कळलं होतं तेव्हा तिने आधी छातीवर क्रूस काढला होता आणि मग विचारलं होतं की ती मुलगी खाते काय. तेव्हापासून डब्यात एक भाकरी जास्त असायची.

"काय झालं?" हिनाने विचारलं.

"काल तुझ्याकडे आले होते. चार्जर द्यायला." मारिसेला मान वर न करता म्हणाली. "बेल वाजवली. तू दार उघडलंस."

"मी काल लायब्ररीत होते. तुला सांगून गेले होते."

"माहीत आहे. म्हणून तर आज येऊन बसलेय, नाहीतर आले नसते." तिने मान वर केली. मारिसेलाला घाबरलेलं हिनाने कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते ओळखायला तिला वेळ लागला. "केस लांब होते. मला वाटलं टोप घातलाय, घरच्यांसाठी. मी हसले. ती पण हसली. म्हणाली, मी तुम्हाला ओळखत नाही, परत येऊ नका. फार गोड बोलली, चामा. तू आयुष्यात कधी इतकं गोड बोललेली नाहीस."

हिना पुढे झुकली. "मग?"

"मग मी तिच्या नखांकडे पाहिलं." मारिसेलाने हिनाचा हात ओढून टेबलावर ठेवला. नखं कुरतडून बोटांची पार वाट लागलेली. "तिची नखं सगळी नीट होती. बदामासारखी. तेव्हा मी म्हटलं, तू हिना नाहीस. तर तिने दार लावलं. आपटलं नाही. हळू लावलं, आणि दारामागेच उभी राहिली. मी लिफ्ट येईपर्यंत तिथे होते. पावलं आत गेल्याचा आवाज आला नाही."

हिनाने मग फणी, सपाता, मोरी, सगळं सांगितलं. बोलताना तिला स्वतःचाच संशय येत होता. तिला वाटलं, मारिसेला आता म्हणेल की तुला विश्रांतीची गरज आहे. मारिसेलाने अर्धी भाकरी तोडून तिच्या हातात दिली.

"तुझी आई हिलाच बोलावते आहे," ती म्हणाली.

"नाव माझं घेते."

"नाव तुझंच. पण येतं कोण?"

हिना घास तसाच धरून बसली. तिला साडेचारची वेळ आठवली. पहिली हाक, दुसरी, तिसरी. पहिलीनंतर किती जागा रिकामी सोडत आले मी, तिच्या मनात आलं. वर्षानुवर्षं, रोज.

५

गुरुवारी ती कॉलेजला गेली नाही. जाते म्हणून निघाली, बस जाऊ दिली, आणि फरजाना गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली तेव्हा किल्लीने दार उघडून आपल्या खोलीत येऊन बसली. दुपारी धुळीचं वादळ आलं. खिडकीबाहेर सगळं नारिंगी झालं, समोरची इमारत दिसेनाशी झाली, आणि एसीतून मातीचा वास यायला लागला. हिना दाराच्या फटीशी जमिनीवर बसून राहिली. तिला शिंका येत होत्या आणि ती त्या दाबत होती. आपल्याच घरात चोरासारखं बसावं लागतंय याचा तिला भयंकर राग आला, आणि त्या रागाचा तिला मोठा आधार वाटला.

साडेचारला फरजानाने हाक मारली. "हिना."

हिनाची जीभ टाळूला चिकटली.

"ओ, अम्मी," हिनाचा आवाज म्हणाला.

तो हिनाच्या तोंडातून आला नव्हता. पॅसेजमधून आला होता, तिच्या दारापासून दोन हातांवरून. तिथे एक भिंत आणि एक कपड्यांचं कपाट होतं, माणूस येईल अशी वाट नव्हती. मग अनवाणी पावलं, चटचट, दारासमोरून गेली. फटीतून पिवळा कुर्ता दिसला. तो कुर्ता हिनाने ओळखला. गेल्या ईदला गावी एका चुलत बहिणीला देऊन टाकलेला होता.

"बस हितं," फरजानाचा आवाज आला. "डबे राहू दे जरा. तेल लावते. कसे कोरडे झालेत बघ."

हिनाने दार दोन बोटं उघडलं. पॅसेजच्या टोकाला स्वयंपाकघराची चौकट, चौकटीत स्टूल, स्टुलावर पाठमोरी कुणी. पाठीवर केस मोकळे सोडलेले, स्टुलाच्या खाली उतरलेले. फरजानाचे दोन्ही हात त्या केसांत होते. ती हळूहळू बोलत होती, हिना सात-आठ वर्षांची असताना बोलायची तशी. "उद्या शरीफाबी विचारतील. हो म्हणायचं. म्हणशील ना माजी बाय?"

"म्हणेन," हिनाचा आवाज म्हणाला.

भीती होतीच, पण त्याहून मोठं दुखणं वेगळं होतं. इतके दिवस तिने एका मायेच्या शब्दासाठी जीव टाकला होता, आणि तो शब्द इथे, दहा पावलांवर, फुकट वाहत होता. ती उठली आणि धाडकन दार उघडून स्वयंपाकघरात गेली.

स्टूल रिकामं होतं. फरजाना त्याच्यामागे उभी होती, तळहात तेलाने चमकत होते.

"कोण होतं हे?" हिना म्हणाली.

"तूच तर होतीस."

"माझ्याकडे बघून सांग, अम्मी."

फरजानाने तिच्या केसांकडे पाहिलं, आणि मान वळवली. तेलाचे हात ती पदराला पुसत राहिली, एकेक बोट, पुन्हा पुन्हा. "उद्याला हो म्हणालीस ना," ती पुटपुटली. "हितं बसून म्हणालीस. आता फिरू नकोस."

६

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून अब्बा घरी आले तेव्हा वादळ ओसरलं होतं, पण आभाळ अजून मळकट होतं. फरजानाने हिनाला कुनाफा, ती अरबी मिठाई, आणायला खाली पाठवलं. हिना गेली, कारण मारिसेला खाली उभी होती. तिला वर येऊ द्यायला हिना तयार नव्हती आणि परत जायला मारिसेला तयार नव्हती.

"अर्धा तास," मारिसेला म्हणाली. "नंतर मी वर येणार, मग तुझा बाप मला पोलिसांत देऊ दे." बोलता बोलता तिने हिनाच्या शर्टाची कॉलर नीट केली. "चामा, ती गोड आहे. तू नको होऊस."

वर आल्यावर हिनाने दाराला किल्ली लावली. किल्ली फिरली नाही. पुन्हा लावली, नाही. तिने बेल वाजवली. अब्बांनी दार उघडलं, पांढरा कुर्ता, डोळ्यांत सुरमा, आणि आतून शरीफाबींचं हसणं ऐकू आलं. अब्बांनी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी राखून ठेवलेलं अदबीचं हसू होतं.

"जी बेटा," ते हिंदीत म्हणाले, "किससे मिलना है?"

आयुष्यात अब्बा तिच्याशी एकदाही हिंदीत बोलले नव्हते. पळावं असं तिच्या मनात आलंच. जिन्याने खाली चार मजले, तिथे मारिसेला, तिथे अर्धी भाकरी. आपल्याशिवाय या घराचं काही अडणार नव्हतं. घराने आपली सोय केली होती.

आणि तिथेच तिचं डोकं फिरलं. सोय म्हणे.

"अब्बा, मी हिना आहे," ती मराठीत म्हणाली. "बाजूला व्हा. कुनाफा गार होतोय."

अब्बांनी डोळे चोळले. "धूळ गेली गो डोळ्यांत," ते म्हणाले, आणि बाजूला झाले. पण ती आत शिरेपर्यंत ते तिच्याकडे आठवत असल्यासारखे पाहत होते.

हॉलमध्ये शरीफाबी आणि त्यांच्या शेजारी गुडघे जुळवून बसलेला तौफीक. हिना पॅसेजमध्ये थांबली. डावीकडे तिच्या खोलीचं दार, बंद. ते तिने उघडं ठेवलं होतं. आतून फणीचा आवाज येत होता. लांब केसांतून फिरणाऱ्या फणीचा, वरपासून खालपर्यंत, सावकाश.

स्वयंपाकघरात कपबश्या वाजल्या. आता हाक येणार होती. हिना ज्या क्षणाला आयुष्यभर गप्प बसत आली तो क्षण येणार होता, आणि आज त्याच्यापलीकडे शरीफाबी बसल्या होत्या.

"हिना," फरजानाने हाक मारली.

फणी थांबली. दारामागे कुणीतरी बोलण्यासाठी श्वास आत घेतला. हिनाने तो स्पष्ट ऐकला. तिची जीभ टाळूला घट्ट चिकटली होती. तिने ती ओढून काढली.

"ओ!" ती ओरडली. आवाज फाटला. तो मुळीच गोड नव्हता. खालच्या मल्याळी कुटुंबाने छताकडे पाहिलं असेल. "आले, अम्मी. मी आले."

दारामागे घेतलेला श्वास सुटल्याचा आवाज आला नाही.

ट्रे घेताना तिने आईकडे पाहिलं नाही. हॉलमध्ये जाऊन तिने चहा दिला आणि खुर्ची ओढून शरीफाबींच्या समोर बसली. शरीफाबींनी तिचे केस पाहिले, मग पर्समधून फोटो काढून तो पाहिला.

"हे केस स्टुडिओवाल्याचे आहेत," हिना म्हणाली. "मी अशी आहे. मला लग्न करायचं नाही. तौफीकभाईंशी नाही आणि दुसऱ्या कुणाशीही नाही. कारण माझ्या घरच्यांना माहीत आहे, तुम्हाला सांगायची गरज नाही. कुनाफा घ्या."

"पण फोनवर तर तू..." शरीफाबींनी फरजानाकडे पाहिलं. "परवा माझ्याशी पाऊण तास बोललीस. किती अदबीनं बोललीस."

"ती मी नव्हते," हिना म्हणाली.

तौफीकने चहाचा मोठा घोट घेतला आणि गेल्या अर्ध्या तासात पहिल्यांदाच पाठ टेकून बसला. त्यालाही कुणी विचारलं नसावं.

७

पाहुणे गेले. अब्बा त्यांना सोडायला खाली उतरले ते लवकर आलेच नाहीत. त्यांच्याऐवजी मारिसेला आली. फरजानाने दार उघडलं आणि दोघी एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या.

"हीच का ती?" फरजानाने हिनाला विचारलं.

"हीच."

"हिनंच कापले?"

"हो."

"मागून वाकडे कापलेत." फरजाना आत वळली, आणि मसाल्याची पाकिटं कापायची कात्री घेऊन बाहेर आली. "स्टूल घे. तिलाही बसायला सांग."

हिना स्टुलावर बसली. मारिसेला समोर जमिनीवर बसली आणि तिने हिनाचा हात धरला, फरजानाच्या देखत, सोडायचा नाही अशा बेताने. फरजानाने ते पाहिलं. तिच्या बोटांना अजून कालच्या तेलाचा वास होता.

कात्री चालायला लागली.

"मला ठाऊक होतं," फरजाना एकदम म्हणाली. "पहिल्याच दिवशी. पहिल्या हाकेला ओ देणारी माजी नव्हेच. मीच शिकवलेलं, मला कळणार नाय?" तिने नाक ओढलं. "तरी रोज हाक मारली. एकदाच मारायची आणि थांबायची. गोड वाटायचं गो. माफ नको करूस वाटलं तर."

हिनाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मग आज? आज तर मीपण पहिल्याच हाकेला आले."

"अशी वरडून ओ देणारी माझ्याकडे एकच हाय."

हिनाला हसू फुटलं, रडता रडता. आणि तेव्हाच आतून, बंद खोलीतून, हिनाच्या आवाजात कुणी म्हणालं, "ओ, अम्मी."

हाक कुणीच मारली नव्हती. मारिसेलाची बोटं हिनाच्या हाताभोवती आवळली. पॅसेजमध्ये कडी हळूच सरकली.

"ओ, अम्मी. आले."

हिना वळणार इतक्यात फरजानाने तिची मान धरली. पकड घट्ट होती. "मागे बघू नकोस," ती म्हणाली. "मी नाय बोलावलं तिला. आता नाय बोलावणार." आणि तिने कात्री पुन्हा चालवली. जोरात, भराभर, ओठ घट्ट मिटून.

हिनाने मान खाली घातली. तिच्या मानेवर केस होते किती, अर्धं बोट. पण फरशीवर, स्टुलाच्या पायाशी, मारिसेला पाय आखडून घेत होती तिथे, पडत होते ते केस हातभर लांब होते. काळेभोर, तेल लावलेले. पडतच होते. पॅसेजमधून येणारं अनवाणी पाऊल कात्रीच्या एकेका फटक्याला अडखळत होतं.

"अम्मी," हिना म्हणाली.

"हलू नकोस," फरजाना म्हणाली. "अजून पुष्कळ आहेत."